‘मोनो’ हा बँड ऐकताना आवाज नेमका कुठं लावायचा?

रात्रपाळी_मिरज · पहाटे 3:12

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण आधीची हकिकत सांगितल्याशिवाय तो कळायचा नाही. जरा धीर धरा.

मी 132/33 केव्हीच्या उपकेंद्रात ऑपरेटर आहे. 18 वर्षं झाली. पाळ्या फिरत्या. ज्यांनी रात्रपाळी केलीय त्यांना माहीत असेल, सुट्टी असली तरी रात्री दोन-अडीचला डोळे टक्क उघडतात. घरातली सगळी झोपलेली, टीव्ही लावायची सोय नाही. म्हणून मी मोबाइल आणि मुठीएवढा ब्लूटूथ स्पीकर घेऊन गच्चीवर जातो.

पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला भाचा माझ्याच अकाउंटवर गाणी ऐकतो, त्यामुळं त्याच्या याद्या माझ्या यादीत घुसतात. मे महिन्यात एका रात्री मी अब्दुल करीम खाँसाहेबांचं जुनं रेकॉर्डिंग शोधत होतो आणि बोट भलतीकडंच पडलं. आधी वाटलं मोबाइल अडकला. मग कुठूनतरी लांबून बारीक घंट्या वाजल्यासारखं ऐकू आलं. मग एक गिटार. मग तेच परत, पण थोडं भरलेलं. कुणी गात नव्हतं. मी म्हटलं, चला, सुरुवातीचं संगीत असेल, गाणारा येईल. पावणेबारा मिनिटं झाली, तुकडा संपला, गाणारा काही आला नाही. भाच्याला सकाळी विचारलं तर म्हणाला, ‘मामा, हे मोनो. जपानी आहेत. पोस्ट-रॉक.’ मी विचारलं, टपालाचा काय संबंध? तेव्हापासून तो मला फोनच करत नाही, नुसत्या लिंका पाठवतो.

तर ‘हिम टू द इमॉर्टल विंड’ हा पूर्ण अल्बम मी आता तीन महिने ऐकतोय. आवडतोय. का आवडतोय ते सांगता येत नाही आणि त्याची मला काही घाई नाही. अडचण दुसरीच आहे.

तुकडा सुरू होतो तेव्हा इतका हळू असतो की गच्चीवर ऐकूच येत नाही. म्हणून मी आवाज वाढवतो. मग तो चढायला लागतो. आधी ड्रम, मग दुसरी गिटार, मग मागं व्हायोलिनं. मी एक कळ खाली येतो. आणखी चढला, आणखी एक कळ खाली. आणि मग जेव्हा तो सगळा लोंढा अंगावर येतो तेव्हा माझा अंगठा कळीवर दाबलेला असतो, कारण खाली आई झोपलेली आहे आणि शेजारच्यांचं कुत्रं हलक्या झोपेचं आहे. लोंढा ओसरला की परत वर. म्हणजे तुकडा संपेपर्यंत मी गाणं ऐकलेलंच नसतं, लोड सांभाळलेला असतो!

आमच्यात याला टॅप बदलणं म्हणतात. रात्री शेतीपंपांचा लोड आला की व्होल्टेज उतरतं, ट्रान्सफॉर्मरचा टॅप वर घ्यायचा. लोड गेला की व्होल्टेज चढतं, टॅप खाली. गिऱ्हाइकाच्या घरात दिवा एकसारखा जळला पाहिजे, हे आमचं काम. आणि सुट्टीच्या रात्री गच्चीवर बसून मी तेच करतोय. बायको म्हणते, ‘तुम्ही ड्यूटीवरनं आलाच नाही अजून.’

आणखी एक. आमच्या गल्लीत तंबोरे करणारे एक काका आहेत, पिढीजात काम. त्यांना दुकानात जाऊन हा जोरकस भाग ऐकवला. काका तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासत होते, कानस थांबवली नाही. एवढंच म्हणाले, ‘तारा जुळलेल्या आहेत. पण जवारी फारच खुली ठेवलीय लेकाच्यांनी.’ मला हसू आलं, पण नंतर वाटलं काकांना काहीतरी कळलंय जे मला कळलं नाही.

तर जाणकारांनी सांगावं. आवाज हळू भागावर लावायचा की जोरकस भागावर? आणि मी त्या जोरकस भागाची वाट बघत बसतो, बाकीचं नुसतं सहन करतो, हे बरोबर आहे का?

हेडफोनची नावं कृपया सुचवू नका. पगार माहीत आहे मला.

---

टेपवाला_पुणे · सकाळी 9:40

राम राम. मी डबिंग स्टुडिओत रेकॉर्डिस्ट आहे, त्यामुळं या प्रश्नाचं अर्धं उत्तर माझ्या पोटापाण्याचं आहे.

जोरकस भागावर लावा. अल्बममधला सगळ्यात दणदणीत मिनिट शोधा, तो घरच्यांना न उठवता जेवढा मोठा ऐकता येईल तेवढा लावा, आणि मग तुकडा पहिल्यापासून सुरू करून स्पीकर हाताच्या अंतरापलीकडं ठेवा. सुरुवात ऐकू येणार नाही. येऊ नये असंच आहे ते. तुम्ही पुढं वाकायचं, गाण्यानं नाही.

आता तुमच्या भाषेत सांगतो. हल्लीची बहुतेक सिनेमातली गाणी आम्ही तुमच्यासारखीच करतो, टॅप बदलून. कॉम्प्रेसर नावाचं यंत्र असतं, ते मोठा आवाज दाबतं आणि मग सगळंच वर उचलतं. म्हणून रिक्षातही प्रत्येक शब्द ऐकू येतो. दिवा एकसारखा जळतो. मोनोचं काम याच्या बरोब्बर उलट आहे. त्यांना व्होल्टेज पडलेलं आणि चढलेलं दोन्ही ऐकवायचं आहे. 2004 पासून त्यांनी बरेच अल्बम शिकागोच्या स्टीव्ह अल्बिनीकडं रेकॉर्ड केले. हा माणूस स्वतःला प्रोड्यूसर म्हणवून घ्यायचा नाही, रेकॉर्डिंग इंजिनिअर म्हणायचा. सगळे वादक एका खोलीत एकदम वाजवणार, हा माइक योग्य जागी ठेवणार, टेप फिरवणार. तुम्ही ऐकताय तो 2009 चा अल्बम, त्यात बँडचे चौघे आणि 28 जणांचा वाद्यवृंद आहे. एवढी माणसं खोलीत असताना हळू वाजवणं हे जोरात वाजवण्यापेक्षा अवघड. आमच्याकडं आठ व्हायोलिनं बोलावली की सात जण खुर्च्या करकरवतात.

अल्बिनी 7 मे 2024 ला गेला. मोनोचा ‘ओथ’ हा अल्बम त्यानंतर सव्वा महिन्यानं, 14 जूनला आला, त्याचंही रेकॉर्डिंग त्याचंच. मी तो अल्बम पहिल्यांदा ऐकला तेव्हा सुरांपेक्षा खोलीच ऐकत बसलो होतो. धंद्याची खोड.

दोन गोष्टी तपासा. मोबाइलमध्ये किंवा स्पीकरच्या ॲपमध्ये ‘नाइट मोड’सारखं काही चालू असेल तर बंद करा, तो तुमचा ऑटोमॅटिक टॅप चेंजर आहे. गाण्यागाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारी सोय वेगळी, ती गाण्याच्या आत सहसा हात घालत नाही, ती राहू द्या. दुसरं, मुठीएवढा स्पीकर. त्याला खर्ज झेपत नाही, झेपत नाही म्हणून तो स्वतःच आवाज दाबतो. तुम्ही हेडफोन नको म्हणालात, बरं. पण मोबाइलबरोबर आलेला जुना वायरवाला इयरफोन ड्रॉवरमध्ये पडला असेलच की. तो त्या स्पीकरपेक्षा चांगला.

काकांचं म्हणणं मात्र सोळा आणे खरं आहे. जवारी म्हणजे तार घोडीला निसटती घासते आणि एका सुरातून वरचे दहा सूर सुटतात. गिटारचा डिस्टॉर्शन पेडल विजेनं तेच करतो. लहरीचा माथा छाटला की वरचे स्वरांश उगवतात. चार पेडल एकापुढं एक लावले की जवारी एवढी खुलते की मूळ तार कुठली ते कळत नाही. काकांना माझा नमस्कार सांगा.

आणि टपालाबद्दल: ‘पोस्ट’ म्हणजे नंतरचं. सायमन रेनॉल्ड्स या समीक्षकानं 1994 मध्ये हा शब्द रूढ केला. रॉकचीच वाद्यं, पण रॉकच्या कामासाठी नाही, असा त्याचा साधारण रोख. बहुतेक बँडना हा शब्द आवडत नाही. भाच्याला सांगा, फोन कर.

---

ताल_बेताल (मडगाव) · सकाळी 11:05

मी थोडा विरजण घालतो, माफ करा.

मला मोनो आवडतात, पण दर वेळी कुणीतरी म्हणतं की ‘हे अगदी आपल्या विलंबित ख्यालासारखं’. अजून कुणी म्हटलं नाही, पण संध्याकाळपर्यंत म्हणेल, म्हणून आधीच सांगतो. नाही. विलंबित एकतालाची बारा मात्रांची आवर्तनं इतकी ताणतात की एका मात्रेत चार मोजता येतात, हे खरं. हळूपणा सारखा. पण ख्यालात पुढं काय येणार हे गाणाऱ्यालाही पूर्ण माहीत नसतं, तो समेवर कसा येतो यात आपला जीव अडकलेला असतो. मोनोमध्ये सगळं आधी बसवलेलं, लिहिलेलं. आणि ख्यालात लय वाढते. इथं माझ्या कानाला लय बहुतेक वेळ तिथंच राहते, वाढते ती गर्दी. गिटारवाला एकाच सुरावर पिक खालीवर भराभर चालवतो, आपल्याकडं सतारीच्या झाल्यात चिकारीच्या तारांवर हात चालतो तसा, पण ठेका मात्र बैलगाडीचाच.

दुसरी तक्रार. हळू सुरुवात, मग चढण, मग धबधबा, मग एक उसासा. हा साचा झालाय. जगभरच्या शेकडो बँडनी तो उचलला आणि मोनोंनीही स्वतःचा बऱ्याचदा उचलला. रात्रपाळीवाले, तुम्ही वाट बघत बसता यात तुमचा दोष नाही. गाणंच तुम्हाला वाट बघायला लावून ठेवतं. लिफ्टची वाट बघणारा माणूस भिंतीवरचं चित्र बघत नाही.

म्हणून औषध सांगतो: जे चढत नाही ते ऐका. जपानमध्येच आहे. टोकियोचाच ‘टो’ नावाचा बँड, 2000 पासूनचा. त्यांच्याकडं धबधबा नाही, नुसता ओढा. ड्रमवाल्या काशिकुराकडं लक्ष द्या, गिटारी त्याच्या अंगणात खेळतात असं वाटतं. किंवा हिरोशी योशिमुरा, 1982 चा ‘म्यूझिक फॉर नाइन पोस्ट कार्ड्स’. (इथं मात्र खरंच टपाल आहे.) पियानोसारखे चार सूर, काही होत नाही, आणि ते न होणंच ऐकायचं. हा रॉक अजिबात नाही, पण मोनोचा हळू भाग कसा ऐकायचा हे मला याच माणसानं शिकवलं. आणि फिशमन्सचं ‘लाँग सीझन’, 1996, एकच गाणं, 35 मिनिटं. त्यात गाणारा आहे, शिंजी सातो. 1999 मध्ये 33 व्या वर्षी गेला. तुमच्या घरच्यांना गाणारा हवा असेल तर हे लावा.

---

पूर्वेची_पारू (निशिकासाई, टोकियो) · दुपारी 1:30

मी मूळची कोल्हापूरची, आता सहा वर्षं टोकियोत. आमच्या निशिकासाईत एवढे भारतीय आहेत की स्टेशनबाहेर कधी कधी मराठी भांडण ऐकू येतं. रात्रपाळीदादा, तुमची पोस्ट वाचून डब्यातला भात गार झाला.

मी मोनोंना इथंच शिबुयातल्या एका लाइव्ह हाउसमध्ये ऐकलंय. आत शिरताना तिकिटावर सहाशे येनचं एक पेय घ्यावंच लागतं, पिशवी नाण्याच्या लॉकरमध्ये ठेवायची, आणि मग उभं राहायचं. माझ्या शेजारच्या आजोबांनी, साठीचे असतील, खिशातून डबी काढली आणि कानात बोळे घातले. मला वाटलं मग आलेत कशाला. अर्ध्या तासानं कळलं.

दोन्ही गिटारवाले, ताका गोतो आणि योदा, खुर्चीवर बसून वाजवतात, केस पुढं, मान खाली, पायाशी पेडलांची रांग. मध्ये तामाकी बास घेऊन उभी. मी गेले त्या रात्री माइकवर एक शब्द कुणी बोललं नाही. हळू भाग सुरू झाला तेव्हा सगळं सभागृह इतकं गप्प की बारमागच्या फ्रिजचं घुरघुरणं ऐकू आलं. कुणी शूऽऽ केलं नाही, कुणी खोकलं नाही. मला आपल्या भावे नाट्यमंदिरातले शेंगदाणे आठवले. (सांगलीकरांनी रागावू नये.) टेपवाले म्हणतात ते पुढं वाकणं मी तिथं अख्ख्या गर्दीला करताना पाहिलं. दीड-एक तासाच्या कार्यक्रमात मला जास्त आठवतो तो फ्रिज. जोरकस भाग आठवत नाही, तो नुसता बरगड्यांत आहे.

ताल_बेताल, तुमचं ख्यालाबद्दलचं बरोबर. मी उलट बाजूनं एक सांगते. इथले भारतीय मित्र लगेच ‘मा’ काढतात, दोन गोष्टींमधली रिकामी जागा, जपानी सौंदर्यदृष्टी वगैरे. प्रत्येक हळू जपानी गोष्टीला ‘मा’ चिकटवलं की विषय संपतो. गोतोनं स्वतः बेथोव्हेनचं आणि आयर्लंडच्या माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडचं ऋण मान्य केलंय. त्यांचा पहिला अल्बम 2001 मध्ये न्यूयॉर्कचा संगीतकार जॉन झॉर्न याच्या लेबलवर आला, आणि त्याचं नाव काय? ‘अंडर द पिपल ट्री’. आपला पिंपळ! बोधिवृक्ष. म्हणजे कुठल्या देशाचं काय आहे याचा हिशोब न केलेला बरा.

पण एक गोष्ट मात्र इथलीच. 2004 च्या अल्बममधला शेवटचा तुकडा कागदाच्या हजार करकोच्यांवर आहे. हिरोशिमाची सादाको सासाकी, बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची, 1955 मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेली तेव्हा बारा. हजार करकोचे घडले की इच्छा पुरी होते या समजुतीवर ती दवाखान्यात करकोचे घडत होती. माझी मुलगी इथल्या शाळेत जाते, दुसरीत असताना त्यांनी वर्गात करकोचे घडले, दोऱ्यात ओवले आणि हिरोशिमाला पाठवले. ती घरी कागद मोडत बसली होती आणि मी तो तुकडा लावला होता. त्यात धबधबा फुटत नाही. फुटेल फुटेल वाटतं आणि संपतो. दादा, तुमच्या ‘वाट बघण्या’वर मला वाटतं हाच उपाय.

आणखी एक, तुम्ही वीजवाले म्हणून. जपानमध्ये वीज दोन तऱ्हेची आहे हे तुम्हाला माहीत असेल. टोकियोकडं 50 हर्ट्झ, ओसाकाकडं 60. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोनं जर्मन जनित्रं घेतली, ओसाकानं अमेरिकन, आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही. माझा नवरा वीज कंपनीत नाही, पण 2011 च्या भूकंपानंतर पश्चिमेची वीज पूर्वेला पुरेशी का देता आली नाही हे इथं लहान पोरही सांगतं. मला त्याचं संगीताशी नातं जोडता येत नाही. तुम्हाला येईल असं वाटलं.

---

टेपवाला_पुणे · दुपारी 2:15

रात्रपाळीवाले, घरच्यांना गाणारा हवाच असेल तर मोनोंकडंही आहे. 2019 च्या ‘नोव्हेअर नाउ हिअर’मध्ये तामाकी एका तुकड्यात गाते, बँडमधल्या कुणी गाण्याची पहिलीच वेळ. वीस वर्षं गप्प बसून मग गायली.

---

रात्रपाळी_मिरज · आठ दिवसांनी, पहाटे 4:05

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, मध्ये पाऊस आणि ब्रेकडाउन.

ड्रॉवरमध्ये इयरफोन सापडला. उजव्या कानात थोडं खरखरतं, पण चालतंय. काल सुट्टी होती. टेपवाल्यांनी सांगितलं तसं केलं: सगळ्यात दणदणीत मिनिट शोधलं, तिथं आवाज लावला, मोबाइल पाण्याच्या टाकीवर ठेवला आणि मी वायर पुरेल तेवढा लांब, पायरीवर. अंगठ्याला काम नाही. सवयीनं दोनदा हात वर गेला, हवेतच टॅप बदलून परत आला.

पहिली दोन मिनिटं काही नाही. खरंच काही नाही. लांब हायवेवरचा एक ट्रक, खालच्या घरातला पंखा. मग मला कळलं की त्या घंट्या केव्हाच सुरू झाल्या होत्या, मी ट्रक ऐकत होतो. आतापर्यंत मी आवाज वाढवून त्या घंट्या जवळ ओढायचो, त्यामुळं त्या लांबून येतायत हेच मला कधी कळलं नव्हतं. बास, एवढंच सांगायचं होतं खरं तर. त्या लांब आहेत. त्या लांबच वाजवलेल्या आहेत.

लोंढा आला तेव्हा मी हललो नाही. ताल_बेताल म्हणतात तसा साचा आहे, हे पटलं. पण पंचवीस किलोमीटरच्या लाइनवर ब्रेकर जोडून सप्लाय चालू केला की लांबच्या गावात दिवे येतात, हाही साचाच आहे, रोज तसंच होतं. मला अजून बघायला आवडतं. तुमची यादी उतरवून घेतलीय. टो ऐकला. तो ड्रमवाला माणूस झोपतो कधी?

करकोच्यांचा तुकडा दोनदा लावला. त्यावर लिहीत नाही.

आता पारूताईंच्या हर्ट्झबद्दल. तुम्ही मला आठवडाभर कामाला लावलंत. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तो आतला लोखंडी गाभा ताणला-आखडला जातो म्हणून, आणि हे दर आवर्तनात दोनदा होतं. आपली वीज 50 हर्ट्झ, म्हणजे गुणगुण 100 ची. 18 वर्षं हा सूर माझ्या कानात आहे, झोपेतही. तुमच्या टोकियोत ॲम्प्लिफायर गुणगुणला तर तोही याच सुरात गुणगुणणार. मी खूश झालो की मोनो आणि मी एका पट्टीत. मग आठवलं की रेकॉर्डिंग शिकागोचं आहे. अमेरिका 60 हर्ट्झ. तिथली गुणगुण 120.

काकांकडं गेलो. म्हटलं काका, 100 हा सा धरला तर 120 कुठं पडेल? त्यांना आकडे सांगून उपयोग नाही, म्हणून भाच्याला फोन लावला (उचलला!) आणि त्यानं मोबाइलवर दोन्ही सूर वाजवून दाखवले. काकांनी तंबोऱ्याची तार छेडली, खुंटी पिळली, एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकलंच नाही. म्हणाले, ‘कोमल गंधार. पण पेटीतला नव्हे, थोडा चढा. खरा.’ भाच्यानं तिकडं भागाकार केला: सहाला पाच. म्हणाला काका बरोबर आहेत, पेटीचा कोमल गंधार याच्या जरा खाली असतो.

मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते. काकांनी मला त्या दिवशी एकच पेढा दिला होता. काल दोन दिले.

मग त्यांनी आपणहून विचारलं, ‘ते तुझे जपानी काय म्हणतात आता?’ त्यांना करकोचे ऐकवले, तेही त्याच खरखरत्या इयरफोनवर, एक कान त्यांचा, एक माझा. कानस या वेळी थांबली होती. संपल्यावर इयरफोन काढून हातात दिला आणि म्हणाले, ‘हिची जवारी बंद आहे. चांगली लावलीय.’

आता फिशमन्स राहिलेत. 35 मिनिटं म्हणजे ड्यूटीवरच्या दोन मीटर-रीडिंगच्या मध्ये आरामात बसतंय, पण काळजी करू नका, ड्यूटीवर नाही ऐकणार. पुढची सुट्टी गुरुवारी.